शिवलेला खिसा

बर्न्लीच्या बाजारात, मासळीवाल्याला लागून, माझं दुकान.
दुकान कसलं, दोन रॅक, एक डागाळलेला आरसा
आणि एक केटल, तापायला माझ्याइतकाच वेळ घेणारी.

पूर्वी लोक यायचे स्वस्त मिळतं म्हणून.
आता येतात ठिगळ बघायला.
लीड्सहून, मँचेस्टरहून, मऊ तळव्यांची पोरं,
कापड उजेडात धरतात आणि विचारतात,
थेल्मा, ही झीज खरी आहे ना?
कोपराची, गुडघ्याची, खांद्याची,
जिथे पोत्याची कड रोज घासायची.
जुनं ते सोनं म्हणतात. इथे भोकालाही भाव आहे.
धड शर्ट बारा पौंडांना,
कॉलर उलटी करून शिवलेला वीसला.

फिनली मात्र इथलाच.
जुन्या गिरणीत फ्लॅट झालेत, तिथे चौथ्या मजल्यावर राहतो,
माझी आई सूत कातायची त्याच मजल्यावर.
त्याच्या भिंतीवर सायकल टांगलेली असते म्हणे.

परवा आला तो खिळ्यांचे बूट वाजवत,
तट्टू फरशीवरून चालावं तसा.
बिनकॉलरचा शर्ट, गळ्याशी पितळी बटण,
गॅलिस, मोलस्किनची जाड विजार,
ठिपक्यांचा लाल रुमाल,
आणि सपाट टोपी, डाव्या कानावर जराशी कललेली.
बसमध्ये एका म्हाताऱ्याने त्याला विचारलं,
कितीची पाळी, पोरा?
आणि हा खूश. दिवसभर लॅपटॉपवर कसले तरी तक्ते भरतो,
पण ते सांगताना त्याचे कान लाल झाले होते.

मग त्याने रॅकच्या टोकाचं ते जाकीट ओढलं.
खांद्यांवर चामडं लावलेलं, कोळसेवाल्याचं.
मी ते विकायला लावलं नव्हतं.
विकायचं नाही, असंही कधी ठरवलं नव्हतं.
त्याने घातलं. बसलं.
मी केटलकडे वळले.

थेल्मा, हा डावा खिसा शिवलाय.
उसवू का?

आमच्या घरी शुक्रवारी पगार व्हायचा.
बापाच्या उजव्या खिशाला भोक होतं, मुद्दाम न बुजवलेलं,
आणि डाव्या खिशातलं पाकीट घरापर्यंत पोचायचं नाही,
वाटेत तीन पब होते.
एका गुरुवारी रात्री आईने डावा खिसा शिवून टाकला.
काळा दोरा, बारीक टाके, अंगठ्याला टोपण न घालता.
काही बोलली नाही.
दुसऱ्या दिवशी पाकीट हातात धरून तो गल्लीतून आला,
सगळ्यांच्या खिडक्यांसमोरून,
वरातीत दिवा धरावा तसा.
हातात अख्खा पगार घेऊन पबात शिरायचं,
तेवढा निलाजरा तो नव्हता.
तोही काही बोलला नाही.
त्याच्याकडे चाकू होता. दात होते.
एकोणीस वर्षांत त्याने एक टाका उसवला नाही.

हे मी फिनलीला सांगितलं नाही.
ओरिजिनल आहे, म्हटलं.
मग राहू दे, म्हणाला, हलक्या आवाजात,
देवळात बोलावं तसा.
किती?
तोंडाला आला तो आकडा सांगितला.
त्याने घासाघीस केली नाही. करायला हवी होती.

बाहेर वारा होता. बर्फाच्या ट्रेंवरून मासळीचा वास येत होता.
रस्ता ओलांडताना त्याचा डावा हात खिशाकडे गेला,
घसरला, परत गेला,
आणि मग नुसता लोंबत राहिला, बोटं अर्धी मिटलेली,
जागा नसलेल्या पाहुण्यासारखा.
तो हात मी ओळखते.

केटल बंद झाल्याचं मासळीवाल्याने ओरडून सांगितलं.
नोटा गल्ल्यात टाकायच्या राहिल्या होत्या,
बराच वेळ तशाच माझ्या हातात.